स्टिकरचे यंत्र बदलण्यापूर्वी

परभणीच्या स्टेशन रोडवर काय किंवा जिंतूर, सेलू, मानवतच्या बाजारपेठेत काय, स्टिकर हवे असले की लोक आजही ‘रेडियम’च्या दुकानात जातात. त्या रंगीत पट्टीत रेडियम नावालाही नसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमयुक्त रंग वापरीत; चमकणाऱ्या वस्तूंना ते नाव लागले आणि पुढे न चमकणाऱ्या विनाइललाही तेच चिकटून राहिले. या दुकानांचा मुख्य आधार होता नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी लावूनच ती ग्राहकाच्या हाती येऊ लागली. नंतर महाराष्ट्रात त्याआधीच्या वाहनांनाही ती सक्तीची झाली आणि तो आधार सुटत गेला. उरली ती काचेवरची अक्षरे, गाडीवरची नावे आणि मालाच्या पाकिटांवरची लेबले.

यांपैकी लेबलांचे काम आता घरांतही होऊ लागले आहे. पापड, मेतकूट, मुखवास, खाखरा यांची घरगुती विक्री करणाऱ्या श्राविकांना पाचशे-हजार लेबलांसाठी मोठा छापखाना परवडत नाही. मग घरातील एखादी सून किंवा मुलगी टेबलावर मावेल असे छोटे कटिंग यंत्र आणते. आधी मुलांच्या वह्यांवरची नावे, मग पर्युषणातील प्रभावनेच्या पाकिटांवरची लेबले, मग दिवाळीच्या वहीपूजनासाठी ‘शुभ-लाभ’, मग शेजारच्या किराणा दुकानाची मागणी, अशी कामाची वाट वाढत जाते. दोन-तीन वर्षांनी यंत्र अपुरे पडू लागते आणि घरात प्रश्न निघतो: मोठे यंत्र घ्यावे का?

हा प्रश्न दिसतो तेवढा यंत्राचा नसतो. पहिले यंत्र बहुधा भेट म्हणून किंवा घरखर्चातून आलेले असते. त्याची नोंद कीर्दीत नसते. दुसऱ्या यंत्राचा पैसा मात्र पेढीच्या पैशातून मागावा लागतो. त्या क्षणी आजवर कौतुकाने पाहिलेल्या कामाकडे घर प्रथमच व्यवहाराच्या नजरेने पाहते. ‘छंदासाठी एवढे कशाला?’ हे वाक्य अनेकदा तेव्हाच उच्चारले जाते. वास्तविक कापडाच्या दुकानाला नवे कपाट घेताना जो हिशेब मांडला जातो, तोच येथे मांडला तर बोलणे बरेच सोपे होईल. अडचण अशी की तो हिशेब सहसा कोणीच लिहून ठेवलेला नसतो, आणि मग घरचे अंदाजाने ‘नको’ म्हणतात, तर काम करणारी जाहिरात पाहून ‘हवे’ म्हणते.

जाहिरातीतील पहिला मोह बळाच्या आकड्याचा. घरगुती यंत्रांपैकी क्रिकट मेकरचे बळ ४ किलोपर्यंत आणि सिल्हूएट कॅमिओ ४ चे ५ किलोपर्यंत असल्याचे सांगितले जाते. आकडे खरे आहेत. पण ते बळ जाड पुठ्ठा, चामडे, पातळ लाकडी फळी यांच्यासाठी आहे. चामड्याशी श्रावकाच्या घरी कोणाला कर्तव्य नाही, आणि फळी कापण्याची मागणीही वर्षातून एखादी. फलक रंगविणाऱ्यांच्या दुकानांत वर्षानुवर्षे राबणाऱ्या जपानी रोलँड जीएस-२४ या यंत्राचे कमाल बळ ३५० ग्रॅम आहे. व्यावसायिक यंत्राचे बळ घरगुती यंत्राच्या एकदशांशाहूनही कमी, तरी विनाइल त्याच्यावरच सफाईने कापले जाते. कारण स्टिकरचा कागद किंवा विनाइल कापायला शंभर-दीडशे ग्रॅमही पुष्कळ होतात. तेथे अचूकता लागते.

अचूकता म्हणजे काय, हे स्टिकरच्या रचनेतच आहे. वर छापील थर, खाली गोंद, त्याखाली मेणचट आधारकागद. पाते वरचा थर आणि गोंद कापून आधारकागदाला फक्त स्पर्श करून निघाले पाहिजे. बाजारात याला हाफ कट म्हणतात. आरपार कापले तर तो फुल कट. पात्याचे टोक त्याच्या दांड्याच्या मध्यावर नसते. ते किंचित मागे, साधारण पाव मिलिमीटरवर असते आणि सायकलच्या मोकळ्या चाकासारखे वळणाबरोबर स्वतः वळते. पाते बोथट झाले किंवा त्याच्या खोबणीत विनाइलचा बारीक तुकडा अडकला की ते वळायला उशीर करते. गोल लेबल जेथे सुरू झाले तेथे नेमके येऊन मिळत नाही आणि कोपरे गोलसर निघतात. ‘यंत्र जुने झाले’ या तक्रारींचा मोठा वाटा येथेच संपतो. नवे पाते, साफ केलेली खोबण, नवी चिकट मॅट आणि मॅटखाली जागा सोडून सपाट टेबल, एवढे आधी करून पाहावे. परभणीकडे मे महिन्यात पारा सहज ४० अंशांच्या वर जातो. त्या उकाड्यात मॅटचा गोंद मऊ पडून कागदाला लागतो आणि कागद सरकतो. त्याचा दोष यंत्राला देण्यापूर्वी काम सकाळी उरकून पाहावे. हा खर्च काही शेकड्यांत जातो, नवे यंत्र काही दहा हजारांत.

एवढे करूनही जे दुखणे उरते, ते खरे. छापून मग कापायच्या लेबलांत ते बहुधा छपाई आणि काप यांच्या जुळणीचे असते. कागदाच्या कोपऱ्यांवर छापलेल्या नोंदखुणा यंत्राचा प्रकाशडोळा वाचतो आणि त्यांवरून कापण्याची रेषा ठरवतो. हा डोळा कमकुवत असला की चकचकीत कागदावर चुकतो, आणि एक मिलिमीटरची चूक गोल लेबलाच्या एका कडेला पांढरी चंद्रकोर दाखवते. खाद्यपदार्थाच्या लेबलावर हे नुसते कुरूप दिसत नाही. शाकाहाराची खूण, म्हणजे हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ, कायद्याने ठराविक आकाराची लागते: पाकिटाचा दर्शनी भाग १०० चौरस सेंटिमीटरपर्यंत असेल तर वर्तुळाचा व्यास किमान ३ मिलिमीटर, ५०० पर्यंत ४, २,५०० पर्यंत ६ आणि त्यापुढे ८. जागा वाचवण्यासाठी ही खूण कडेला ढकललेली असते. काप सरकला की चौकटीची एक बाजूच उडते. ज्या ग्राहकाची नजर पाकिटावर सर्वांत आधी त्या हिरव्या ठिपक्याकडे जाते, त्या ग्राहकासाठीच हे लेबल बनलेले असते.

दुसरे खरे दुखणे कागदाच्या नासाडीचे. क्रिकटच्या ‘छापा आणि कापा’ सोयीत बरीच वर्षे कमाल क्षेत्र पावणेसात इंच बाय सव्वानऊ इंच एवढेच होते. अलीकडे मोठ्या कागदासाठी ते वाढवले गेले. जुन्या मर्यादेत ए-४ कागदाचा सुमारे एकतृतीयांश भाग वाया जातो. पाच सेंटिमीटर व्यासाची गोल लेबले त्या क्षेत्रात १२ बसतात. ए-४ चा बहुतेक भाग वापरू देणाऱ्या यंत्रावर १५. हजार लेबलांना एकीकडे ८४ कागद, दुसरीकडे ६७. व्यापाऱ्याला याहून अधिक समजावण्याची गरज नसते.

तेव्हा यंत्र पाहण्याआधी पंधरा दिवसांची वेळवही ठेवणे उपयोगी पडते. उदाहरणादाखल समजा, महिन्याच्या कामाचे ४० तास भरतात. त्यांत यंत्र चालण्याचे ६, कापलेल्या कागदातील नको असलेला भाग टोचणीने उचलण्याचे १४, रचना आणि ग्राहकाच्या दुरुस्त्यांचे ९, बिघडलेले काम पुन्हा करण्याचे ५ आणि मोजून बांधण्याचे ६. आता दुप्पट वेगाचे यंत्र आणले तर वाचतात फक्त ३ तास. चांगल्या डोळ्याचे यंत्र आणले तर बिघाडाचे जवळपास ५ तास आणि त्यांतला कागद दोन्ही वाचतात. टोचणीचे १४ तास कोणतेही यंत्र वाचवत नाही. ते वाचतात सोप्या आकाराच्या लेबलाने किंवा मदतीला घेतलेल्या दोन हातांनी. वेळवही पाहिल्यावर काही घरांना यंत्राऐवजी मदतनीस हवी असल्याचे कळेल, आणि काहींना असेही कळेल की मोठी मागणी छपाई आणि काप दोन्ही करणाऱ्या दुकानातून करून घेऊन आपण रचना व विक्रीच सांभाळावी. यात कमीपणा कसला? पेढीवरचा प्रत्येक माल कोणी स्वतःच्या मागावर विणत नाही.

देवनागरीचा प्रश्न यंत्रविक्रेता सांगत नाही, तो घेणाऱ्याने विचारावा लागतो. इंग्रजी अक्षरे सुटी असतात. मराठी शब्दात शिरोरेषा एका अक्षरावरून दुसऱ्यावर चढलेली असते. मजकूर तसाच यंत्राकडे पाठवला तर प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापली जाते आणि जोडावर रेघ पडून शब्द सुटा होतो. त्यासाठी मजकुराची बाह्यरेषा करून सर्व अक्षरे एकत्र जोडावी लागतात. कोरलड्रॉमध्ये किंवा विनामूल्य मिळणाऱ्या इंकस्केपमध्ये हे होते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत तयार केलेला जुना मजकूर असेल तर तोही आधी रेषांत बदलून घ्यावा, नाहीतर दुसऱ्या संगणकावर अक्षरांच्या जागी भलतेच काही उमटते. खरी कसोटी अनुस्वाराची. काचेवर लावायच्या नवकार मंत्रात पहिली पाचही पदे अनुस्वारावर संपतात, आणि ‘अरिहंताणं’ या एका शब्दात दोन अनुस्वार आहेत. दोन मिलिमीटरचा तो ठिपका टोचणी लागताच उडतो. यंत्र दाखवायला दुकानदार हृदयाचा आकार किंवा फुलपाखरू कापून दाखवतो. त्याला आपल्याबरोबर नेलेला हाच मजकूर, दोन सेंटिमीटर उंचीत, कापायला सांगावा. अर्ध्या मिनिटात यंत्राची सारी योग्यता समोर येते.

प्रणालीची अटही त्याच भेटीत विचारावी. क्रिकट यंत्र सुरुवातीला प्रोव्हो क्राफ्ट या अमेरिकी कंपनीने आणले, तेव्हा त्याला आकारांच्या कुप्या विकत घ्याव्या लागत. पुढे कुप्या गेल्या आणि कंपनीची प्रणाली आली. मार्च २०२१ मध्ये कंपनीने जाहीर केले की मासिक शुल्क न भरणाऱ्यांना महिन्याला २० हूनच अधिक स्वतःच्या आकृत्या चढवता येणार नाहीत. ग्राहकांनी एवढा गदारोळ केला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. निर्णय फिरला, परंतु पूर्ण पैसे मोजून घेतलेल्या यंत्राची किल्ली कोणाच्या खिशात असते हे त्या आठवड्यात जगाला दिसले. भाड्याच्या गाळ्यात दुकान थाटताना करारनामा वाचणारा व्यापारी येथे मात्र ‘मान्य आहे’वर बोट ठेवून पुढे जातो. इंटरनेट बंद असताना यंत्र चालते का, साध्या रेषाचित्राची फाइल स्वीकारते का, दुसऱ्या कंपनीची प्रणाली त्याला चालते का, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. त्यानंतर चौथा: बिघडले तर कोठे पाठवायचे? परभणीहून देवगिरी किंवा तपोवन एक्स्प्रेसने मुंबईला जाता येते, पण ऐन दिवाळीत यंत्र खोक्यात घालून पाठवावे लागले तर तो हंगाम गेलाच. म्हणून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरात दुरुस्ती मिळणारे थोडे साधे यंत्र, दूरच्या शहरावर अवलंबून असलेल्या श्रेष्ठ यंत्राहून पुष्कळदा स्वस्त पडते.

काहींना या टप्प्यावर लेसर यंत्राचा मोह होतो. पाते नाही, मॅट नाही, वेग मोठा. कागदी लेबलापुरते ते ठीक आहे. विनाइल मात्र पीव्हीसीचे असते, आणि लेसरच्या उष्णतेने पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुफ्फुसांना इजा करतो आणि यंत्राचे लोखंडही खातो. घराच्या बंद खोलीत, लहान मुले वावरत असताना, हे कधीही करू नये. विनाइलचे तुकडे शेकोटीत किंवा कचऱ्याबरोबर पेटवले तरी तोच वायू निघतो. जीवदयेचा विचार करणाऱ्या घरात निदान ते तुकडे वेगळे बांधून कचरागाडीत जावेत. कच्च्या मालाबद्दल आणखी एक गोष्ट क्वचितच विचारली जाते. स्टिकरचा गोंद आज बहुधा कृत्रिम अॅक्रिलिक किंवा रबरी असतो, पण काही चकचकीत फोटो कागदांच्या लेपात जिलेटिन वापरलेले असते, आणि जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. शाकाहाराची हिरवी खूण अशा कागदावर छापली जाणे कोणाही श्रावकाला रुचणार नाही. पुरवठादाराला लेखी विचारावे. साध्या मॅट कागदाने काम भागत असेल तर प्रश्नच मिटतो.

मंत्राक्षरांच्या तुकड्यांबाबत घराघरांत मतभेद आहेत. अक्षर हे श्रुतज्ञानाचे रूप मानणाऱ्या परंपरेत ज्ञानाची आशातना टाळावी असे सांगितले जाते. दिगंबर घरांत श्रुतपंचमीला आणि श्वेतांबर घरांत ज्ञानपंचमीला शास्त्रांची पूजा होते. मग बिघडलेला नवकार कचऱ्यात कसा टाकायचा? आणि तीर्थंकरांचे चित्र असलेले लेबल खाल्लेल्या मिठाईच्या खोक्याबरोबर उकिरड्यावर गेले तर? नेमगिरीच्या गुहांतील प्रतिमांपुढे किंवा नवागढच्या नेमिनाथांपुढे नतमस्तक होणारे घर ती प्रतिमा खोक्यावर का छापते, हा प्रश्न ज्येष्ठ मंडळी विचारतात तेव्हा त्यांना जुनाट ठरवणे अन्यायाचे आहे. मंत्र व प्रतिमा यांचे स्टिकर टिकाऊ जागीच लावायचे, फेकल्या जाणाऱ्या पाकिटावर फक्त स्वस्तिक-कमळासारखी नक्षी किंवा तीही नको, असा नियम काम करणारीने स्वतःच ग्राहकाला सांगितला तर ग्राहक सहसा ऐकतो. चांगल्या यंत्राचा येथे एक अनपेक्षित लाभ आहे: बिघाड कमी, म्हणजे टाकायची मंत्राक्षरेही कमी.

पैशाच्या बाबतीत श्रावकाचे पाचवे अणुव्रत, परिग्रहपरिमाण, फार व्यवहारी आहे. ते भांडवल वाढवू नका असे म्हणत नाही. मर्यादा आधी ठरवा असे म्हणते. प्रदर्शनाला जाण्याच्या आदल्या रात्री कागदावर लिहिलेला आकडा आणि दुकानातील दिव्यांखाली ठरलेला आकडा यांत जे अंतर पडते, त्याचे नाव शास्त्रकारांनी कधीच ठेवलेले आहे. समजा मर्यादा ४५ हजारांची ठरली. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते. पेढी जीएसटीत नोंदलेली असेल आणि काम पेढीतूनच चालत असेल तर यंत्रावरचा कर वजा मिळतो. आयकरात यंत्रसामग्रीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा धरता येतो. वर्षात १८० दिवसांहून कमी वापरले तर त्याच्या निम्मा. बिल कोणाच्या नावे घ्यायचे, यावर मात्र घरात शांतपणे बोलले पाहिजे. पेढीच्या नावे घेतले तर कराची सोय होते, पण कामाची मालकी पेढीची होते. काम करणारीच्या नावे घ्यायचे तर उद्यम नोंदणी आधारवरून विनामूल्य होते; १ जुलै २०२० पासून ही सोय आहे. उत्पन्न तिच्या खात्यात येते, आणि उद्या मोठ्या यंत्रासाठी बँकेपुढे दाखवायला तिच्याजवळ स्वतःचा हिशेब असतो. कराचे काही हजार वाचवून हे गमावणे पुष्कळदा तोट्याचेच ठरते.

लेबलांच्या धंद्याचा उगमही उसन्या पैशातूनच झाला आहे. १९३५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरी या तरुणाने सोलून चिकटवायची लेबले बनवणारे यंत्र जुळवले. त्यात धुलाई यंत्राची मोटर होती, शिवणयंत्राचे भाग होते आणि एक करवत होती. शंभर डॉलर त्याच्या वाग्दत्त वधूने, डोरोथी डर्फीने, उसने दिले होते. त्यातून पुढे जगभर पसरलेली एव्हरी कंपनी उभी राहिली. मराठवाड्यातल्या घरांत भांडवल बहुधा उलट दिशेने, पेढीकडून सुनेकडे जायचे असते, एवढाच फरक.

खरेदीचा मुहूर्त दिवाळीच्या तोंडावर धरू नये. नव्या यंत्राचा हात बसायला सहा-आठ आठवडे जातात आणि त्या काळात कागद वाया जातोच. चातुर्मासात लग्नसराई थांबलेली असते, पत्रिका आणि रुखवताच्या स्टिकरची मागणी कमी असते. आषाढात यंत्र आले तर पर्युषणाच्या छोट्या कामांवर हात बसतो आणि आश्विनात मोठे काम निर्धास्त घेता येते. वीज मधेच गेली तर अर्धवट कापलेला कागद पुन्हा जुळत नाही, म्हणून इन्व्हर्टरची जोडणी यंत्राबरोबरच करून घ्यावी. जुने यंत्र लगेच विकू नये. त्याला छपाईची जुळणी जमत नसली तरी साध्या एकरंगी विनाइलची अक्षरे ते अजून कापते. नव्यावर लेबले चालू असताना जुन्यावर दुकानाच्या काचेची नावे निघतात. वर्षभरात ते महिन्यातून दोनदाही उघडले गेले नाही, तर मग गावात कोणी नव्याने सुरुवात करणारी आहे का, हे विचारून तिला रास्त किमतीत पात्यांसह द्यावे, आणि तेवढी रक्कम नव्या यंत्राच्या खात्यावर जमा धरावी.